आई चालते, बाबा चालत नाहीत

गो नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत एखाद्या व्हेरिएबलला 'आई' असं नाव देता येतं. 'बाबा' असं देता येत नाही. 'घर' चालतं, 'शाळा' चालत नाही. 'ऊस' चालतो, 'ज्वारी' नाही. 'कर' चालतो, 'कर्ज' नाही. एका रविवारी दुपारी मी असे बरेच शब्द कंपायलरपुढे टाकून बघितले. यादी निम्मी व्हायच्या आतच नियम ध्यानात आला. पहिलीच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला जे शब्द असतात, काना-मात्रा-वेलांटी नसलेले, जोडाक्षर नसलेले, तेवढेच चालतात. बाराखडी सुरू झाली की कंपायलर हात वर करतो.

प्रोग्रॅममध्ये दोन प्रकारचे शब्द असतात. काही त्या भाषेनं आधीच ठरवून दिलेले: इफ, एल्स, रिटर्न वगैरे. ते बदलता येत नाहीत. बाकीचे लिहिणाऱ्यानं आपल्या मनानं ठेवलेले: ज्या खोक्यात आकडा ठेवायचा त्या खोक्याचं नाव, जे काम करून घ्यायचं त्या कामाचं नाव. यांना आयडेंटिफायर म्हणतात. यंत्राला या नावांशी काही देणंघेणं नसतं. 'शिल्लक' लिहा नाहीतर 'क्ष७' लिहा, ते तेवढीच बेरीज करतं. नाव असतं ते पुढे कधीतरी तो कोड वाचणाऱ्या माणसासाठी. म्हणजे शेवटी हा वाचण्या-लिहिण्याचाच प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा साहित्याच्या वाचकांनी इंजिनियरांवर सोडून द्यावी असं मला वाटत नाही. या नावांत इंग्रजीबाहेरची अक्षरं येऊ द्यावीत का, यावर गेली तीसेक वर्षं वाद चालू आहे. त्या वादातले तीन मजकूर मी इथे एखादी कविता किंवा कायदा वाचावा तसे वाचणार आहे: गोचा नियम, पायथनचा २००७चा प्रस्ताव आणि रस्टचा २०२१चा निर्णय.

गोचा नियम अगदी छोटा आहे. नावाची सुरुवात अक्षरानं व्हावी, पुढे अक्षरं किंवा अंक यावेत. अक्षर म्हणजे काय ते युनिकोडच्या तक्त्यावरून ठरेल, खालची रेघही अक्षर धरली जाईल. बस. युनिकोडच्या तक्त्यात प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. अ, आ, ई, क, ख, ग यांचा वर्ग 'अक्षर'. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्ताची खूण यांचा वर्ग 'मार्क', म्हणजे अक्षराला लागणारं चिन्ह. 'आई'मध्ये दोन स्वर आहेत, दोन्ही स्वतंत्र अक्षरं, म्हणून आई आत. 'बाबा'मध्ये ब, काना, ब, काना असे चार तुकडे आहेत, त्यातले दोन मार्क, म्हणून बाबा बाहेर.

आता आपण अक्षर कशाला म्हणतो ते पाहू. बाराखडीत 'का' हे एक अक्षर आहे, 'कि' हे एक अक्षर आहे. ओवी-अभंगाची अक्षरं मोजताना 'बाबा' दोन मोजतात, चार कुणी मोजत नाही. व्याकरणात वर्ण वेगळा आणि अक्षर वेगळं. काना हा 'ब'वर चढवलेला दागिना नव्हे, तो 'ब'मधल्या 'अ'ला हटवून तिथे बसलेला स्वर आहे. तो काढला तर 'बाबा'चं अंग उघडं पडत नाही, शब्दच बदलतो, 'बब' होतो. याउलट फ्रेंच किंवा जर्मनमधल्या डोक्यावर खुणा असलेल्या अक्षरांसाठी युनिकोडमध्ये खुणेसकट तयार अक्षरं दिलेली आहेत. त्यामुळे गोच्या नियमात फ्रेंच शब्द बसतात, जर्मन बसतात, रशियन बसतात, चिनी-जपानी बसतात. अडतात ते देवनागरी, बंगाली, तमिळ, कन्नड. 'मार्क नको' हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे, पण त्याचा जाच नेमका आपल्यासारख्या लिप्यांना होतो.

यात युनिकोडला दोष देण्यात अर्थ नाही. मात्रा वेगळ्या साठवायच्या हे मुळात आपल्याकडेच ठरलं होतं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाणीकरण झालं, युनिकोडनं देवनागरीची मांडणी त्याच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली, आणि इस्कीनं 'का'चे क आणि काना असे दोन तुकडे केले होते. हे शहाणपणाचं होतं. नाहीतर जोडाक्षरं आणि बाराखड्या मिळून हजारो खाने लागले असते. पण तुकडे साठवण्याच्या सोयीसाठी होते. त्यातले काही तुकडे अक्षर आणि काही नुसती चिन्हं, म्हणून चिन्हं टाकून द्या, असं कुणी म्हटलं नव्हतं. तो अर्थ वाचणाऱ्यानं काढला.

गो २००९मध्ये जाहीर झाली. तिच्या तीन कर्त्यांपैकी दोघे केन थॉम्पसन आणि रॉब पाइक. याच दोघांनी १९९२मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत आखली. आज तुम्ही हा लेख ज्या पद्धतीनं पडद्यावर वाचताय, जिच्यामुळे मराठी मजकूर फाँटच्या कटकटीतून सुटून जगभर सारखा दिसू लागला, ती पद्धत. म्हणजे या माणसांना इंग्रजीबाहेरचं जग दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा नियम समजायला आणि अमलात आणायला सोपा आहे, मात्र त्यानं जोडचिन्हं वगळली जातात आणि त्यामुळे देवनागरीसारख्या लिप्या बाहेर राहतात. देवनागरीचं तिथे नावानिशी उल्लेख आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण वाचक म्हणून मी 'सोपा' या शब्दापाशी थांबते. सोपा कुणाला? ज्याच्या लिपीत अक्षर आणि चिन्ह यांचा हा झगडाच नाही, त्याला. आपल्याला तो सोपा नाही, तो निरुपयोगी आहे.

आणखी एक गोष्ट. गोमध्ये एखादं नाव आपल्या पॅकेजच्या बाहेर इतरांना वापरता यावं असं वाटत असेल, तर त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल असावं लागतं. देवनागरीत कॅपिटल नाही. तेव्हा 'आई' हे नाव चालतं खरं, पण पुढे रोमन कॅपिटल अक्षर चिकटवल्याशिवाय ते घराबाहेर पडू शकत नाही. ही अडचण जपानी आणि चिनी नावांनाही येते, आणि तीही त्या प्रश्नोत्तरांत मान्य केलेली आहे.

दुसरा मजकूर पायथनचा. मार्टिन फॉन लोविस यांनी २००७मध्ये एक प्रस्ताव मांडला, क्रमांक ३१३१. पायथनच्या नावांत ॲस्कीबाहेरची अक्षरं चालावीत असं त्यात म्हटलं होतं. तो स्वीकारला गेला आणि डिसेंबर २००८मध्ये आलेल्या पायथन ३.० पासून तो लागू आहे. या प्रस्तावाची मांडणी वाचण्यासारखी आहे. त्यात अस्मितेचा सूर नाही. जगात पुष्कळ प्रोग्रॅमर असे आहेत ज्यांना इंग्रजी नीट येत नाही, त्यांना आपल्या डोक्यातल्या कल्पनेसाठी एखादा इंग्रजी शब्द शोधावा लागतो आणि तो बरेचदा चुकीचा असतो, असा साधा मुद्दा आहे. मग आक्षेपांना उत्तर दिलंय. माझ्या कीबोर्डवर नसलेली अक्षरं असलेली लायब्ररी मी कशी वापरू, असं लोक विचारतात. फॉन लोविस म्हणतात, लायब्ररी किती जणांनी वापरावी हे तिच्या कर्त्याला ठरवू द्या. तो ती प्रकाशितच करणार नाही, किंवा माहितीपुस्तक फक्त आपल्या भाषेत देईल. नावांची भाषा ही त्यातलीच एक निवड आहे. ती लेखकानं करायची, भाषा बनवणाऱ्यानं नाही.

मराठीत आपण ज्याला लेखकाचं स्वातंत्र्य म्हणतो, त्याचा इतका कोरडा आणि इतका नेमका बचाव मी क्वचित वाचलाय. तांत्रिक बाजूनंही हा प्रस्ताव नीट आहे. पायथन युनिकोडच्या परिशिष्ट ३१मधल्या याद्या वापरतं. त्यात नावाची सुरुवात कशानं व्हावी आणि पुढे काय चालावं याच्या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि मात्रा दुसऱ्या यादीत आहेत. म्हणजे नाव मात्रेनं सुरू होणार नाही, पण मध्ये मात्रा येईल. मराठी शब्दही असेच असतात. इतका साधा उपाय होता. पायथनमध्ये बाबा चालतात, शाळा चालते, कर्जही चालतं.

अर्थात पायथनची स्वतःची प्रमाण लायब्ररी मात्र ॲस्कीतच राहील आणि शक्यतो इंग्रजी शब्दच वापरेल, हेही त्याच प्रस्तावात लिहिलंय. पाहुण्यांना मोकळीक आणि घरच्यांना शिस्त, असा हा मामला आहे. मला त्यात विसंगती दिसत नाही. सगळ्या जगानं वापरायची वस्तू आणि चार माणसांनी मिळून करायचं काम यांत फरक असतो.

चार माणसांच्या अशा एका कामावरूनच मी या विषयाकडे वळले. काही वर्षांपूर्वी आम्ही जमिनीच्या नोंदींवर चालणारं एक छोटं सॉफ्टवेअर करत होतो. कुणासाठी ते महत्त्वाचं नाही. सातबारा, फेरफार, आठ-अ, गट, पोटहिस्सा, कूळ, आकार, पोटखराबा हे सगळे शब्द त्यात रोजचे होते. कोड मात्र रिवाजाप्रमाणे इंग्रजीत. काही शब्दांचं भाषांतर केलं, काही रोमनमध्ये लिहिले. पोटखराबा हा शब्द तीन जणांनी तीन स्पेलिंगांनी लिहिला. 'कूळ'ला टेनंट म्हटलं. आता सॉफ्टवेअरच्या धंद्यात टेनंट म्हणजे एकाच यंत्रणेवर वेगवेगळ्या खोल्यांत राहावं तसे राहणारे ग्राहक. आमच्या यंत्रणेत प्रत्येक कार्यालय असं एक टेनंट होतं. तेव्हा एका फायलीत टेनंट म्हणजे कार्यालय आणि दुसरीत टेनंट म्हणजे कूळ. एक दिवस चाचणीत एका गावच्या कुळांच्या यादीत कार्यालयांचे क्रमांक छापून आले. आम्ही हसलो आणि दुरुस्ती केली. पण 'कूळ' या शब्दामागे १९४८चा कूळकायदा आहे, कसेल त्याची जमीन हा सगळा झगडा आहे, आणि तो टेनंट या शब्दात मावत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

त्या कामावर नियम समजावून द्यायला एक निवृत्त तलाठी येत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांना इंग्रजी बेताचं यायचं आणि प्रोग्रॅमिंग अजिबात नाही. ते सांगत, आम्ही लिहीत असू, आणि शेवटी छापून आलेले आकडे ते तपासत. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली होती. तिनं नियमांची फाईल पायथनमध्ये होती तेवढी, फक्त तेवढी, देवनागरी नावांनी पुन्हा लिहिली. आमच्या वरिष्ठांना ते पसंत नव्हतं. हा पोरखेळ आहे, उद्या दुसऱ्या राज्यातला माणूस आला तर काय करेल, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. दोन दिवसांनी अण्णा तिच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं:

आकारणी_क्षेत्र = एकूण_क्षेत्र

"एकूण कशाला? पोटखराबा वजा करा ना, ताई. त्यावर आकार नसतो."

ती ओळ आधी इंग्रजीत होती तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती वाचली होती. इंग्रजी अगदी बरोबर होतं. आम्हाला वाचता येत होतं पण पोटखराब्यावर आकारणी नसते हे माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं पण वाचता येत नव्हतं. नावं मराठीत झाल्यावर त्यांना सगळा कोड समजला असं नाही, पण बरोबरीच्या दोन बाजूंना असलेली दोन नावं समजली, आणि तेवढं पुरलं. ही चूक तशीच पुढे गेली असती तर कुणाच्या तरी उताऱ्यावर चुकीचा आकार चढला असता. रक्कम किरकोळ असती, पण उताऱ्यावरची चूक दुरुस्त करून घेण्यासाठी मारायचे हेलपाटे किरकोळ नसतात.

एवढ्यावर थांबून 'म्हणून मराठीत कोड लिहा' असं म्हणता आलं असतं. पण त्या फायलीनं आम्हाला छळलंही. आणि तो छळ इंग्रजीनं केलेला नव्हता, आपल्याच लिपीनं केला.

मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फरक रफारात आहे. हा दुसरा, पापणीसारखा दिसणारा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही रीती अधिकृत आहेत, पडद्यावर सारख्या दिसतात. कुठल्या कीबोर्डवरून कुठली रीत उमटेल ते लिहिणाऱ्याला कळत नाही. पायथन अदृश्य चिन्ह नावात घेत नाही. त्यामुळे माझ्या यंत्रावरून लिहिलेलं 'शेतकऱ्याचे_नाव' चालायचं आणि दुसऱ्या यंत्रावरून लिहिलेलं, डोळ्यांना तंतोतंत तेच दिसणारं, चालायचं नाही. चूक कुठे आहे म्हणून ती मुलगी पाऊण तास ती ओळ न्याहाळत बसली होती. दिसणार काय? न दिसणारीच गोष्ट होती ती. जावास्क्रिप्टमध्ये हे अदृश्य चिन्ह नावात चालतं, पण मग तिथे वेगळी गंमत होते: दोन्ही रीती चालतात आणि एकाच दिसणाऱ्या नावाची दोन वेगळी व्हेरिएबल तयार होतात. निदान पायथन आरडाओरडा तरी करतं.

'ॲप'मधला ॲ तर आणखी नवा. त्याला स्वतंत्र खाना मिळाला २००८च्या युनिकोड ५.१मध्ये. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र बसवत, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच करतात. पायथन वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेली नावं एका साच्यात आणून मगच त्यांची तुलना करतं, पण हे दोन ॲ त्या साच्यात एक होत नाहीत.

इथे तिसरा मजकूर उपयोगी पडतो. रस्ट या भाषेनं जून २०२१मध्ये, १.५३ या आवृत्तीत, ॲस्कीबाहेरची नावं चालू केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी 'ट्रोजन सोर्स' या नावानं एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी असलेली अदृश्य चिन्हं वापरून माणसाला एक दिसेल आणि कंपायलरला दुसरंच दिसेल असा कोड लिहिता येतो, आणि रशियन लिपीतला रोमनसारखाच दिसणारा 'а' वापरूनही फसवता येतं, हे त्यांनी दाखवलं. यावरून 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असा सूर लावणारे बरेच निघाले. पण रस्टनं काय केलं ते पाहा. नावं चालू करतानाच कंपायलरला इशारे द्यायला शिकवलं: ही दोन नावं डोळ्यांना सारखी दिसतात, इथे दोन लिप्यांची सरमिसळ संशयास्पद आहे, हे चिन्ह सहसा वापरात नसतं. लिपीला दाराबाहेर ठेवण्याऐवजी दारात एक जाणता माणूस बसवला. फसवणुकीच्या भीतीवर मला हे उत्तर पटतं. ज्या गल्लीत चोरी होते त्या गल्लीत दिवे लावायचे असतात, गल्ली बंद करायची नसते.

लिपीचं झालं, आता भाषेचं. इंग्रजी नाव वाक्यात कुठेही ठेवलं तरी तसंच राहतं. मराठी नाम वाक्यात शिरलं की त्याचं सामान्यरूप होतं. 'खाते' आणि 'शिल्लक' ही दोन नावं पायथनमध्ये टिंबानं जोडली की 'खाते.शिल्लक' होतं. मराठी माणूस म्हणेल 'खात्याची शिल्लक'. टिंब षष्ठीचं काम करतं पण नावाला हात लावत नाही. चारदोन दिवसांनी डोळ्यांना सवय होते, कारण समास आपल्याला नवे नाहीत. 'खातेशिल्लक' आपण वाचतोच. लिंगाचं मात्र अवघड होतं. पैसे भरले की नाही हे सांगणाऱ्या खुणेला इंग्रजीत एक नाव पुरतं. मराठीत फी भरली, कर भरला, बिल भरलं. तिन्हींना मिळून एक नाव ठेवायचं तर 'भरणा_झाला' असं काहीतरी शोधावं लागतं. आणि हुकूम द्यायचा तर कुठल्या रूपात? यंत्राला 'मोज' म्हणायचं, 'मोजा' म्हणायचं की 'मोजणे'? आमच्याकडे यावर खरोखरच अर्धा तास चर्चा झाली. शेवटी पाककृतीच्या पुस्तकातल्यासारखं 'मोजावे' सुचवलं गेलं आणि हसून सोडून दिलं. त्या मुलीनं 'मोज' ठेवलं. ती म्हणाली, यंत्राला काय अहो-जाहो करायचं?

हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. भाषेला नव्या कामाला जुंपलं की तिला असेच प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडले की लिहिणारे उत्तरं काढतात. मराठी गद्याला विरामचिन्हं पचवायलाही वेळ लागलाच होता. पण कोडमध्ये मराठी लिहायची संधीच नसेल तर हे प्रश्न पडणार नाहीत, आणि प्रश्न न पडलेली भाषा त्या कामापुरती तरी मुकी राहते.

संपूर्ण प्रोग्रॅमिंग भाषाच आपल्या भाषेत असावी, असेही प्रयोग झालेत. रशियात हिशेबाच्या कामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या १सी या प्रणालीत कीवर्डही रशियन आहेत. लिंगडोंग हुआंग यांची २०१९मधली 'वेनयान' अभिजात चिनीत लिहिली जाते. रामझी नासर यांची 'कल्ब' अरबीत आहे, आणि अरबी लिपी आली की भोवतीची सगळी साधनं कशी कोलमडतात हे दाखवणं हाच तिचा एक हेतू आहे. यांपैकी १सी मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण ती कुणाला काही दाखवायला बनलेली नाही. हिशेबनीसांना जे शब्द रोज लागतात ते त्यांच्या भाषेत असणं सोयीचं, एवढाच तिचा विचार. माझीही मागणी तेवढीच आहे. 'जर' आणि 'तर' मराठीत नसले तरी माझं अडत नाही. ते तीसचाळीस शब्द कुणीही आठवड्यात शिकतं. पोटखराबा मात्र दुसऱ्या कुठल्याही भाषेत शिकता येत नाही, कारण तो दुसऱ्या कुठल्या भाषेत नाहीच.

एक आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानते. इंग्रजी ही बाहेर पडायची वाट आहे, ती अडवू नका. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४च्या 'काव्यफुले'तही इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे, आणि तो कुणासाठी होता हे आपल्याला माहीत आहे. मराठी कोडच्या गोडव्यात कुणाच्या इंग्रजीवर पाणी पडत असेल तर तो सौदा वाईट. शिवाय मराठी म्हणजे तरी कुणाची? कोड वाचणारा गोंडी बोलणारा असेल तर त्याला परिभाषाकोशातलं मराठी इंग्रजीइतकंच परकं. 'व्हेरिएबल'ला 'चल' आणि 'पॅरामीटर'ला 'प्राचल' म्हणणारी मराठी मलाही परकीच आहे, आणि मी ती कोडमध्ये आणायच्या विरोधात आहे.

पण हा आक्षेप भाषा बनवणाऱ्याच्या हातात बंदीचं हत्यार देत नाही. ज्या मुलीनं ती फाईल लिहिली तिला इंग्रजी नावं लिहिता येत होतीच. इतर पन्नास फायली तिनं इंग्रजीतच लिहिल्या. एक फाईल तिनं मराठीत लिहिली कारण त्या फाईलचा खरा वाचक कोण हे तिनं ओळखलं होतं. आपला वाचक ओळखणं हे लिहिणाऱ्याचं काम, आणि ते झालं की भाषेची निवड त्यातून आपोआप होते. फॉन लोविस म्हणतात ते हेच. गोचा नियम या निवडीच्या आड येतो, तोही काही मोठं तत्त्व सांगून नाही, नुसतं काना म्हणजे अक्षर नव्हे असं धरून.

म्हणून या वादात वापरला जाणारा 'परवानगी' हा शब्द मला खटकतो. जणू इंग्रजी अक्षरं हीच जन्मजात अक्षरं आणि बाकीच्यांनी अर्ज करायचा. खुद्द युरोपातही ही अक्षरं इतकी निर्मळ नव्हती. सात बिटांच्या जमान्यात स्वीडनमधल्या यंत्रांवर महिरपी कंसांच्या जागी ä आणि å ही त्यांची अक्षरं दिसत, आणि तिथल्या लोकांनी सी भाषेतले कंस वर्षानुवर्षं तशाच वेशात वाचले. पुढे सीच्या प्रमाण आवृत्तीत कंसांऐवजी तीन-तीन चिन्हांची पर्यायी सोय करावी लागली. ॲस्कीही एका देशाची लिपी होती, एवढंच.

त्या कामाचं पुढे काय झालं ते सांगते. सॉफ्टवेअर गेलं, आम्ही पांगलो. ती मुलगी आता दुसरीकडे, गोमध्ये काम करते. मागच्या महिन्यात तिच्याशी बोलताना मी तिला माझी रविवारची यादी वाचून दाखवली: आई चालते, बाबा चालत नाहीत. ती हसली. मग म्हणाली की तिच्या आताच्या कामात असे शब्दच येत नाहीत, त्यामुळे तिला कधी अडलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आणि अण्णा?"

मी करून बघितलं. 'अण्णा' चालत नाहीत. 'ण'ला 'ण' जोडलाय आणि वर काना आहे.